राणीची पाच व्यंजनं

माईंच्या जिभेचं नाटक कंपनीत मोठं प्रस्थ होतं. शेवटच्या रांगेत खांबामागे बसलेल्या, फुकट पासावर आलेल्या प्रेक्षकालासुद्धा त्यांचा 'श' वेगळा आणि 'ष' वेगळा ऐकू जायचा, आणि ह्याचा अभिमान इतर कुणाहीपेक्षा खुद्द माईंनाच जास्त होता. नव्या मुलींनी 'ण'चा 'न' केला की माई मेकअपच्या खोलीतून उठून यायच्या, मुलीला आरशापुढे बसवायच्या आणि जीभ कुठे लावायची ते दाखवायच्या. मुली रडायच्या. रडतानासुद्धा तोंड नीट उघडावं, असं माई त्यांना सांगायच्या.

गेल्या दोन नाटकांत मात्र ह्या जिभेला काम नव्हतं. कंपनीचा व्यवस्थापक येता-जाता "माईंचा एक छानसा सत्कार करायला हवा" असं म्हणायला लागला होता, आणि सत्कार म्हणजे काय हे माई पुरतं ओळखून होत्या. नाट्यगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर सत्कार झालेल्या नटनट्यांचे फोटो ओळीनं लावलेले होते. त्यातलं एकही माणूस पुन्हा आत आलं नव्हतं, तिकीट काढूनसुद्धा नाही. म्हणून नव्या नाटकातली म्हातारी राणी आपल्याला मिळाली हे कळलं, तेव्हा माईंनी घरी काही दाखवलं नाही, पण बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडून घेतलं.

राणीच्या कामात एकच खोट होती. राणी बोलत नव्हती. दोन अंक ती सिंहासनावर नुसती बसते, पोटच्या पोरांची भांडणं बघते आणि तिची दासी तिचे पाय चेपत राहते. शेवटी राणी उठते, राज्य पोरांना न देता दासीला देते, आणि ते देताना तिला पूर्वजांच्या भाषेत आशीर्वाद देते. हे पूर्वज कधी नव्हते, त्यामुळे त्यांची भाषाही नव्हती. पण दिग्दर्शक हुशार. ज्याला समोर सगळे 'सर' आणि मागे 'दाढी' म्हणत, त्या ह्या तरुण गृहस्थानं भाषा बनवून देणारा माणूस शोधून आणला. नाटकासाठी खुर्च्या भाड्यानं आणतात, तशी भाषा आणली.

त्या भाषेचं नाव ख्लोम. नाव घेतानाच पहिल्या रांगेला छत्री लागावी. ती बनवणारा भाषाकार हा जाड चष्म्याचा, अतिशय नम्र पोरगा होता, आणि नम्र माणसं किती छळू शकतात हे माईंना पहिल्याच तालमीत समजलं. त्यानं सगळ्यांना एक-एक कागद वाटला. कागदावर ओळखीची अक्षरं होती, पण त्यांच्या वर, खाली, बाजूला इतकी टिंबं होती की साखर सांडलेल्या ओट्यावर मुंग्या आल्यासारखं वाटावं.

"आशीर्वादात पाच खास व्यंजनं आहेत, मॅडम," भाषाकार म्हणाला. "आपल्या भाषेत ती अजिबात नाहीत. त्यामुळे थोडा वेळ लागेल."

"बाळा," माई म्हणाल्या, "माझ्या तोंडात नाही असं व्यंजन अजून जन्माला यायचंय."

"हो, ती मागच्या महिन्यात जन्माला आली," तो अदबीनं म्हणाला.

पहिलं व्यंजन असं: जिभेचं टोक वरच्या दातांमागे घट्ट चिकटवायचं, हवा बाहेर न सोडता आत ओढायची आणि जीभ फटकन सोडवायची. माईंनी जीभ चिकटवली, हवा ओढली आणि त्यांना उचकी लागली. दुसरं व्यंजन म्हणजे 'ह', पण श्वास आत घेत म्हणायचा. त्यानं माईंना ठसका लागला आणि तालीम दहा मिनिटं थांबली. तिसरं ओठ मिटून, गाल सैल सोडून, ओठांमधून हवा फुरफुरवायची असं होतं. ते माईंनी इतक्या मनापासून केलं की भाषाकारानं चष्मा काढून पुसला. चौथं मिटल्या तोंडानं घशातल्या घशात करायचं होतं आणि पाचवं नुसतं नाकातून सोडायचं होतं. तिथवर पोचेपर्यंत माईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मस्त!" दाढी म्हणाला. त्याला सगळंच मस्त वाटायचं, आणि मग तो त्या कामाला दुसराच माणूस घ्यायचा. "शनिवारी व्यवस्थापक चाचणी बघायला येतायत. तोपर्यंत होईल ना, माई? नाहीतर घाई नाही. आपण तुमचा सत्कारही त्याच सुमारास—"

"होईल," माई म्हणाल्या.

ह्या सगळ्या गोंधळात विंगेतून एक बारीक आवाज येत होता. तिथे स्टुलावर माईंची सून बसली होती. ती कंपनीत प्रॉम्प्टर होती. लग्नाआधीपासून होती, आणि माईंनीच तिला तिथून उचलून घरात आणली होती. ती कागद मांडीवर ठेवून पाचही व्यंजनं स्वतःशी म्हणून बघत होती, एकामागून एक, स्वच्छ, जराही न अडखळता. भाषाकारानं मान वळवून विंगेकडे पाहिलं. माईंनीही पाहिलं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

पण बोलल्या काही नाहीत. मेकअपच्या खोलीत माई नेहमी सांगत, "माझ्या सुनेला मी आजवर एका शब्दानं बोलले नाही. विचारा तिला." ते खरंच होतं. अकरा वर्षांत त्या घरात आवाज चढला नव्हता. शेजारणी माईंचं उदाहरण देत, आणि माई ते नम्रपणे ऐकून घेत, पुन्हा एकदा सांगायला लावून.

पुढचे काही दिवस माईंनी घर डोक्यावर घेतलं. सकाळी बाथरूमच्या आरशासमोर फुरफुर. दुपारी पलंगावर ठसका. आरसा दिवसातून दोनदा पुसावा लागे. मुलगा ऑफिसमधून आला की कानात इयरफोन घालूनच जेवायला बसायचा. अर्थात तो एरवीही तसाच बसायचा, त्यामुळे ह्या व्यंजनांचा त्याच्या संसारावर वेगळा परिणाम झाला असं म्हणता येणार नाही. आणि जमत काहीच नव्हतं. उचकी तेवढी पक्की झाली होती.

शेवटी एका दुपारी स्वयंपाकघरात सून म्हणाली, "आई, एक बोलू?"

"बोल की."

"हे पहिलं व्यंजन तुम्हाला येतं."

माईंना वाटलं, ही टिंगल करतेय. "कुठे येतं? जीभ सोलून निघाली माझी."

 सुनेनं पाण्याचा ग्लास नळाखाली भरला आणि तो तसाच, बुडाशी निथळता, माईंच्या लाडक्या पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर ठेवला.

"च्च!"

तो आवाज माईंच्या तोंडातून निघाला होता. जीभ वरच्या दातांमागे, हवा आत, फटकन. कागदावर लिहिल्याबरहुकूम. माईंनी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई!"

"दुसरं," म्हणत सून आत गेली आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आली. तिनं त्यातून नवीन पडदे काढले, चांगले गर्द हिरवे, आणि त्यांची किंमत सांगितली. माईंनी श्वास आत ओढला, आणि तो 'ह' होता, भाषाकाराच्या 'ह'पेक्षाही सरस.

"खरंच आणलेस एवढ्याचे?"

"नाही, बदलून आणायचेत. तिसरं. माझी आई चार दिवस राहायला येणार आहे."

माईंचे ओठ आपोआप फुरफुरले. चौथं व्यंजन म्हणजे सून फोनवर बोलत असताना माई दाराशी येऊन घसा साफ करत, तो आवाज. पाचव्यासाठी सुनेनं एवढंच सांगितलं, "काल शेजारच्या वहिनी माझ्या कामाचं फार कौतुक करत होत्या." माईंच्या नाकातून पाचवं व्यंजन असं सुटलं की टेबलावरचा कागद हलला.

आता कुणी म्हणेल, इथे माईंच्या काळजात चर्र झालं असेल. कसलं चर्र! माई आनंदानं खुर्चीवरून उठल्या. पाचही व्यंजनं घरातच होती, तीही अकरा वर्षं रोज घोटलेली! त्या पोरट्या भाषाकाराला वाटलं होतं की आपण काहीतरी नवीन शोधलंय. त्यांनी सुनेला जवळ घेतलं, तिची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "तुझं लक्ष चांगलं आहे हो!" सून "हं" म्हणाली आणि टेबलावरचं पाणी पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तालमीत माईंनी जो काही आशीर्वाद म्हटला, तो ऐकून भाषाकाराच्या डोळ्यांत पाणी आलं. ख्लोम बोलणारं पहिलं माणूस जगात अवतरलं होतं. "मॅडम, हे मलासुद्धा इतकं येत नाही," तो म्हणाला, आणि माईंनी ते मोठ्या मनानं मान्य केलं.

दाढी मात्र दाढी खाजवत उभा राहिला.

"आवाज कमाल आहेत, माई. पण हा आशीर्वाद आहे ना? राणी तिला राज्य देतेय. मला असं वाटलं, की दासीनं भांडी नीट घासली नाहीत."

"परत घेते," माई म्हणाल्या.

दासीचं काम करणारी मुलगी साबणाच्या जाहिरातीला गेली होती, म्हणून तिच्या जागी सून राणीपुढे गुडघे टेकून बसली होती. माईंनी पुन्हा सुरुवात केली. पहिलं व्यंजन निघालं आणि सुनेची मान आत गेली. दुसऱ्याला तिनं बाही सारखी केली. तिसऱ्याला तिची नजर इकडेतिकडे गेली, काय राहिलं, काय सांडलं हे बघत. चौथ्याला तिनं हातात नसलेला फोन खाली ठेवला. पाचव्याला ती नुसतीच अगदी स्थिर झाली, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

"प्रॉम्प्टरताई, तुम्ही घाबरण्याचा अभिनय फार छान करताय," दाढी म्हणाला, "पण इथे घाबरायचं नाहीये. तुम्हाला राज्य मिळतंय."

"मी काही करत नाहीये, सर," सून म्हणाली.

ती खरं बोलत होती हे त्या हॉलमध्ये फक्त एका माणसाला कळलं. माईंना आयुष्यात कधी रंगमंचावर उभं राहून घाम फुटला नव्हता, तो त्या दिवशी फुटला. अकरा वर्षं त्या जिला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या, तिला त्यांचा एकूण एक आवाज पाठ होता.

संध्याकाळी जेवताना माईंनी ठरवलं, की हे सोपं आहे. आवाज तेच, फक्त मायेनं काढायचे. तीस वर्षं रंगभूमीवर खोटं रडलो, खोटं मेलो, तर खोटी नव्हे चांगली खरी माया गळ्यात आणायला काय जातंय? त्यांनी सुनेकडे पाहिलं, चेहऱ्यावर होती नव्हती तेवढी सगळी माया गोळा केली आणि पहिलं व्यंजन म्हटलं.

सून चटकन उठली आणि मीठ घेऊन आली.

माईंनी दुसरं म्हटलं. सुनेनं गॅस बारीक केला. तिसऱ्याला तिनं स्वतःच्या ताटात वाढून घेतलेलं परत भांड्यात ठेवलं. मुलानं एका कानातला इयरफोन काढला आणि त्रासून विचारलं, "आई, आता परत काय झालं?"

"अरे मी आशीर्वाद देतेय!" माई ओरडल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणी ओरडलं होतं.

मुलानं इयरफोन पुन्हा कानात घातला. जेवण झाल्यावर माई सुनेच्या मागे ओट्याशी गेल्या आणि बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. सुनेला वाटलं, आपण पुसताना काही ठेवलं, म्हणून तिनं ओटा परत पुसला.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगणार, आई?" सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर माईंना बरं वाटलं असतं. "तुम्ही कधी काही बोललाच नव्हता."

 शब्द फेकण्यात माईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना एक धड वाक्य सुचेना. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटते आहे हे म्हणायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती. त्या "बरं" म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

शनिवारी व्यवस्थापक पहिल्या रांगेत येऊन बसला. शेजारच्या खुर्चीवर त्यानं एक मोठी फोटोफ्रेम खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून टेकवून ठेवली होती. कुणाला दिसू नये म्हणून ठेवली होती आणि सगळ्यांना दिसत होती. साबणवाली मुलगी अजून फेसातच होती, त्यामुळे दासीच्या जागी पुन्हा सून बसली. माई सिंहासनावरून उठल्या. दिवा त्यांच्या चेहऱ्यावर आला. त्यांनी खाली पाहिलं. अजून त्यांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, आणि सुनेचे खांदे आधीच वर आले होते.

माई तशाच उभ्या राहिल्या. व्यवस्थापकानं घड्याळ पाहिलं. भाषाकार विंगेतून ओठ हलवून पहिलं व्यंजन दाखवायला लागला, माईंना विसर पडला असेल म्हणून.

"माई?" दाढी म्हणाला.

"मला येत नाही हे," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत, खांबामागेसुद्धा, स्वच्छ गेला. "ऊठ गं तू. इथे ये. तू म्हण."

"आई, असं काय करता! तुमचं काम आहे ते."

"ये म्हणते ना. मी खाली बसते."

व्यवस्थापकाचा हात फ्रेमकडे गेला, तो माईंनी पाहिला, आणि तरीही त्या खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. सून अवघडून सिंहासनापुढे उभी राहिली, हातातला प्रॉम्प्टिंगचा कागद खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. मग तिनं माईंकडे पाहिलं आणि पहिलं व्यंजन म्हटलं.

'च्च'. तेच ते. जीभ दातांमागे, हवा आत. माईंनी मान आत घेतली होती, पण वर काही आदळलं नाही. पोरगं धावताना पडतं, गुडघा खरचटतो, आणि त्याला उचलून घेताना आपण 'च्च' म्हणतो, तसं ते होतं. दुसऱ्याला सुनेनं श्वास आत घेतला, आणि कुणीतरी बऱ्याच दिवसांनी दारात दिसावं तसा तिचा चेहरा झाला. तिसरं व्यंजन तिनं ओठांवरून इतकं हलकं सोडलं, की तान्ह्याच्या पोटावर फुरफुर करून त्याला हसवतात त्याची आठवण यावी. चौथ्याला तिचा घसा दाटला, आणि तो कागदाबरहुकूम दाटला की खरंच, हे भाषाकारालाही सांगता आलं नसतं. पाचवं व्यंजन नाकातून यायचं होतं. ते आलं, ओलं.

हे आवाज असेही काढता येत होते. अकरा वर्षं रोज, त्याच तोंडानं, तेवढ्याच कष्टात काढता आले असते. माईंना एवढंच कळत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ते पुसायचं त्यांना भान राहिलं नाही.

"हेच!" दाढी खुर्चीवरून उठला. "हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो! तरुण राणी, म्हातारी दासी! आयुष्यभर पाय चेपलेली म्हातारी! माई, हा चेहरा असाच ठेवा, हलवू नका." पहिल्या दिवसापासून तो काय सांगत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तो विषय काढला नाही. व्यवस्थापक म्हणाला, कल्पना चांगली आहे, दासीला वाक्य किती? एकही नाही, असं कळल्यावर तो आणखी खूश झाला.

दासीनं आता उठायचं होतं, संहितेत तसं लिहिलं होतं. माई उठल्या नाहीत. सुनेनं क्षणभर वाट पाहिली, मग राणी बाजूला ठेवून ती खाली वाकली आणि हळूच विचारलं, "आई, गुडघा धरला का? हात देऊ?"

"नाही गं," माई म्हणाल्या. "ते पहिलं परत एकदा म्हण."